बापाशेजारची जागा

फिनियस म्बाथा गेला तेव्हा आमच्याकडं ऑगस्टचं, म्हणजे हिवाळा सरतानाचं वारं सुटलं होतं. रानात हिरवं पान नव्हतं, जाळलेल्या गवताची राख सगळीकडं उडत होती आणि सकाळी बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरलेला असायचा. त्या वाऱ्याला वास होता. डोंगराखालच्या लांगव्लेई शेतावर गाई होत्या तेव्हा शेणाचा वास यायचा, त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. मग स्टायननं शेत विकत घेतलं, गाई विकल्या, डुकरांसाठी पत्र्याच्या लांबलचक शेडा उभ्या केल्या आणि शेडांच्या मागं घाणीचा तलाव खोदला. तेव्हापासून वारं खालून वर चढलं की डोंगरावरच्या घरांतली माणसं नाकावर हात धरून जेवायची. पुढं पुढं हातही खाली आले. वास येतो हे मग पाहुण्यानं सांगायचं.

मी शेजारच्या शेतावरचा, निलगिरी तोडायच्या कामावर आहे. फिनियस माझ्या बापाचा चुलतभाऊ. तो त्याच डोंगरावर जन्मला, त्याचा बाप तिथंच पुरलाय, आजाही. जुन्या मालकाकडं त्यानं आयुष्यभर गाई पिळल्या. नव्या मालकाकडं गुडघे जाईपर्यंत डुकरांची घाण उपसली. झायनच्या चर्चचा माणूस तो, पांढरा झगा आणि हिरवा पट्टा घालणारा. डुकराचं मांस त्यांच्यात चालत नाही. शेडमधनं घरी आला की उंबऱ्याबाहेर बसून राखेनं कोपरापर्यंत हात घासायचा, आणि माझोंडी, म्हणजे त्याची बायको, वरनं पाणी ओतायची. त्याशिवाय आत पाऊल टाकायचा नाही.

गुडघे गेल्यावर त्याच्या जागी लेक कामाला लागली, दुदुझिले. घरातलं कुणीतरी शेतावर कामाला पाहिजेच, नाहीतर घर खाली करा, असं स्टायननं सांगून ठेवलं होतं. डोंगरावर आधी तीन घरं होती. दोघांनी स्टायनचे पैसे घेतले आणि शहराच्या कडेला पत्र्याच्या खोपटांत राहायला गेले. राहिलं ते हे एक. त्या जागेवर स्टायनला आणखी एक शेड बांधायची होती, हे सगळ्यांना माहीत होतं.

फिनियस भिंतीपाशी उन्हात खुर्चीवर बसला होता. माझोंडीनं चहा आणून दिला, तर तो घेईना. तिनं खांदा हलवला तेव्हा टोपी खाली पडली. तिनं हाक दिली नाही की रडली नाही. टोपी उचलून झटकली, त्याच्या डोक्यावर नीट बसवली आणि उतारानं खाली शेडकडं चालत गेली.

दुदू तेव्हा आत पाणी मारत होती. जाड रबरी नळी दोन्ही हातांत धरून डुकरांचे खणामागून खण धुवायचे, घाण नालीत ढकलायची, नाली तलावात. नळीला जोर एवढा की हात सैल सोडला तर माणूस आपटतो. दारात आई उभी दिसली तेव्हाच ती समजली. तिनं पाणी बंद केलं. मुकादम एल्फस सिथोले तिथंच होता. तो फिनियसच्या बरोबरीचा, दोघांनी एकाच गोठ्यात गाई पिळलेल्या. त्यानं माझोंडीकडं न बघता दुदूला सांगितलं, "ही रांग पुरी कर पोरी, मग जा. तो काही आता कुठं जात नाही."

दुदूनं रांग पुरी केली. आई तोवर दारात उभी होती. हे मला दुदूनं सांगितलं तेव्हा तिला सिथोलेचा राग नव्हता, स्वतःचा होता. नळी पुन्हा सुरू केली ती आपल्याच हातांनी, एवढंच ती दोनदा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मायलेकी मालकाच्या बंगल्यावर गेल्या. कबर खणायच्या आधी मालकाला सांगायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. आधीचा मालक अशा वेळी टिकाव-फावडी द्यायचा आणि कामाला अर्ध्या दिवसाची सुट्टी. त्या मागच्या दारापाशी थांबल्या. कुत्री भुंकली, कामवालीनं थांबा म्हणून खुणावलं. बऱ्याच वेळानं स्टायन पायमोज्यांवरच बाहेर आला. उंच, लाल मानेचा, बोलायला मऊ माणूस. त्यानं टोपी काढली. फिनियस चांगला माणूस होता म्हणाला, कामाला कधी नाही म्हणाला नाही, म्हणाला. मग म्हणाला, इथं पुरता येणार नाही.

माझोंडीला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

त्यानं तिला समजावलं. त्याची डुकरं बाहेरदेशी जातात. तिकडची माणसं तपासायला येतात, पाणी तपासतात, माती तपासतात. "मी त्यांना काय सांगू, मा? जमिनीत प्रेतं आहेत म्हणून? प्रेतानं पाणी खराब होतं."

"त्याचा बाप इथं आहे," माझोंडी म्हणाली.

"तो आधीच्या मालकाच्या वेळचा."

शहरातल्या दफनभूमीत जागा घेऊन देतो, पेटी न्यायला गाडी देतो, असं तो म्हणाला. त्याच्या मनानं तो पुष्कळ देत होता. माझोंडी मान खाली घालून उभी राहिली. तेव्हा वारं तलावाकडनं येत होतं आणि स्टायननंसुद्धा बोलता बोलता एकदा नाक पुसलं.

परत चढताना माझोंडी मध्येच थांबली, गुडघ्यांवर हात टेकले आणि म्हणाली, "फिनियसनं पाणी खराब होतं."

चौकीवरच्या सार्जंटनं आमचं ऐकून घेतलं. शेत त्याचं आहे, यात पोलीस पडत नाहीत, असं सांगितलं. चर्चमधल्या एका बाईनं मग पीटरमॅरित्झबर्गमधल्या वकिलीणबाईंचं नाव दिलं. मिस गोवेंदर शेतावरच्या माणसांची कामं फुकट करायच्या. मी आणि दुदू माझोंडीला घेऊन टॅक्सीनं गेलो. बाई वयानं लहान होत्या, झोप न झालेल्या, टेबलावर अर्धा खाल्लेला पाव. त्यांनी पहिलं विचारलं ते कबरी किती जुन्या आहेत. माझोंडीनं सांगितलं. तेव्हा त्या म्हणाल्या, मालकानं जागा देणं हा उपकार नाही. जिथं माणसं राहतात, जिथं त्यांच्या घरची माणसं पुरायची चाल आहे, तिथं पुरायचा त्यांना हक्क आहे. कायद्यात आहे, आणि त्या कायद्याच्या पाठीशी देशाची राज्यघटना आहे.

माझोंडीनं सगळं ऐकलं. "आणि तो नाही म्हणाला तर?"

"तर कोर्ट त्याला हो म्हणायला लावेल."

"आणि तोवर फिनियस?"

त्यावर बाईंनी पाव बाजूला सारला आणि लिहायला लागल्या.

फिनियस तोवर शहरातल्या अंत्यसंस्कारवाल्याच्या शीतघरात होता. त्या महिन्यात लाइट सारखी जायची. जनरेटर होता, तो कधी चालायचा, कधी नाही. तिसऱ्या आठवड्यात दुदू कपडे द्यायला गेली तेव्हा तो माणूस तिला दारातच म्हणाला, तुम्ही आत येऊ नका, कपडे माझ्याकडं द्या. तरी ती आत गेली. बाहेर येऊन ती रस्त्याच्या कडेला बसली. डुकरांत काम करून तिला वाटायचं की आपल्या नाकातलं काहीतरी मेलंय, आता आपल्याला कशाचा वास येणार नाही. तसं नव्हतं. तिनं तिथंच ओकून टाकलं, तोंड पुसलं आणि दुपारच्या पाळीला शेडवर हजर झाली.

कारण काम सोडलं असतं तर घर गेलं असतं, आणि घर गेलं असतं तर ही इथली राहणारी नाही म्हणून कबरीचा दावाच गेला असता. हे मिस गोवेंदर बाईंनी तिला नीट बजावलं होतं.

शेडमधली माणसं तिला 'कोर्टवाली' म्हणायला लागली. सिथोलेनं तिला धुण्याच्या कामावरनं काढून पिल्लांच्या शेडमध्ये टाकलं. थंडीत पिल्लं मरायची, आईखाली चेंगरायची. रोज सकाळी ती गोळा करायची, पायांना धरून पिंपात टाकायची, पिंप हातगाडीवर चढवून ओढ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या खड्ड्यावर न्यायचं, ओतायचं, वर चुन्याची फक्की मारायची. त्या खड्ड्यात मोठी डुकरंही असायची, फुगलेली, पाय वर केलेली. दुदू तिथं उभी राहून बघायची. मेलेल्या डुकरांना लांगव्लेईवर जागा त्याच दिवशी मिळत होती.

पहिल्या तारखेला स्टायनचा वकील आजारी पडला. दुसऱ्या तारखेला मॅजिस्ट्रेट दुसऱ्या गावी गेले होते. तिसरी तारीख शुक्रवारी लागली. कोर्टाची खोली थंड, बाकं चर्चमधल्यासारखी. आम्ही एका बाजूला, स्टायन कोट घालून दुसऱ्या बाजूला. सिथोले त्याच्या मागं, इस्त्रीच्या शर्टात. मॅजिस्ट्रेटना सर्दी झाली होती, ते सारखे रुमालात शिंकरत होते आणि कुणावर तरी चिडलेले होते, कुणावर ते कळत नव्हतं. स्टायनचा वकील पाण्यावरच बोलत राहिला. भूगर्भातलं पाणी, परदेशी गिऱ्हाईक, एवढ्या माणसांच्या नोकऱ्या. आमच्या अशिलाला कुणाच्या हक्कांबद्दल आदरच आहे, असं त्यानं बऱ्याचदा सांगितलं. मग म्हणाला, फिनियस काम सोडून बसला होता, तेव्हा तो शेतावरचा रहिवासी राहिलाच नव्हता, नुसता मालकाच्या दयेनं राहत होता.

माझोंडीनं हे दुभाष्याकडनं ऐकलं. तिचा चेहरा हलला नाही. फक्त मांडीवरची पिशवी तिनं जवळ ओढली.

मॅजिस्ट्रेटनी स्टायनला उभं केलं. डुकरं किती, विचारलं. चार हजारांवर, तो म्हणाला.

"रोज काही मरत असतील."

"थंडीत मरतात, साहेब."

"ती कुठं जातात?"

स्टायननं आपल्या वकिलाकडं बघितलं. मग सरळ सांगितलं, "जमिनीत."

"कुणाच्या?"

"माझ्याच."

मॅजिस्ट्रेटनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. जेवणाच्या सुट्टीनंतर हुकूम झाला. कुटुंबाच्या कबरींपाशी, बापाच्या शेजारी, फिनियस म्बाथाला पुरायला मालकानं आडकाठी करायची नाही. रस्ता अडवायचा नाही, पाहुण्यांना अडवायचं नाही. मिस गोवेंदर बाईंनी माझोंडीचे दोन्ही हात धरले. बाहेर पायऱ्यांवर चर्चच्या बायकांनी गाणं धरलं. मी रडलो, खोटं कशाला सांगू. आम्हाला कोर्टात कुणी खरं म्हटलं असं आमच्या घरात आधी कधी घडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शनिवार, म्हणजे मातीचा वार. वेळ घालवायला नव्हता. आम्ही सातआठ जण टिकाव, पहारी आणि फावडी घेऊन त्याच दुपारी डोंगरावर चढलो. कबरींवर दगडांच्या राशी होत्या, दुसरं काही नाही. फिनियसच्या बापाची रास माझोंडीनं दाखवली आणि शेजारी काठीनं लांबोडी रेघ ओढली. वरची माती गोठून दगड झालेली. टिकाव मारला की ठिणगी उडायची. हातभर खाली गेल्यावर मऊ तांबडी माती लागली. दिवस मावळता मावळता खड्डा माणसाच्या छातीएवढा झाला. वर लाकडाच्या फळ्या टाकल्या, फळ्यांवर गवत, आणि घरी आलो. अंगणात चर्चचे लोक जमले होते. गाणी चालली होती, बायका कुटलेला मका आणि घेवडा शिजवत होत्या. दुदू दारामागं वडलांचा झगा घेऊन बसली होती. तो पेटीत घालायचा होता.

पहाटे आम्ही उठलो तेव्हा वास नेहमीचा वाटला. जास्त होता, पण वारंही जास्त होतं.

कबरींपाशी आधी मी पोचलो. पायाखाली काहीतरी मऊ लागलं. मग उजाडत गेलं तसं दिसायला लागलं. सगळी टेकाडी काळी झाली होती. दगडांच्या राशींवरनं काळी घाण ओघळत खाली आलेली, गवताच्या खुंटांत साचलेली, कुठं कुठं गोठून तिच्यावर पांढरं दव पडलेलं. टँकरच्या चाकांचे खोल माग वर आले होते आणि वळून खाली गेले होते. आमच्या फळ्या बाजूला पडल्या होत्या. खड्डा अर्ध्याच्या वर भरलेला. डुकरांचं घाणपाणी, त्यावर फेस, आणि फेसावर एक पिल्लू तरंगत होतं, तलावातनं नळीबरोबर आलेलं.

मी खाली जाऊन सांगितलं. माझोंडी वर आली. तिनं पांढरा झगा घातला होता, तो हातानं वर धरला आणि कडेला येऊन उभी राहिली. चर्चचे बाबा, वयानं फार झालेले, हातातली काठी छातीशी धरून डोळे मिटून उभे राहिले.

सार्जंट आला, त्याला कोर्टानं पाठवलं होतं. त्यानं नाकाला बाही लावली. मिस गोवेंदर बाईंनी शहरातनं स्टायनच्या वकिलाला फोन लावला. मग त्यांनी आम्हाला फोनवर सांगितलं, आवाज ओळखू येत नव्हता त्यांचा. कुरणाला खत मारायचा हंगाम आहे, असं उत्तर आलं होतं. ड्रायव्हरला कबरीचं माहीत नव्हतं. हुकूम मोडलेला नाही. रस्ता मोकळा आहे, कुणाला अडवलेलं नाही. सोमवारी आपण परत कोर्टात जाऊ, बाई म्हणाल्या, हे सोडायचं नाही.

अंत्यसंस्कारवाल्यानं पेटी आणून अंगणात ठेवली होती. त्यानं मला बाजूला घेतलं आणि हळू सांगितलं, "भाऊ, सोमवार धरू नका. आजच काय ते करा."

काही जण म्हणाले, थोडं वर सरकून दुसरा खड्डा घेऊ. माझोंडी म्हणाली, "नाही. त्याच्या बापाशेजारीच."

एवढ्यात एल्फस सिथोले चढण चढून आला. त्याच्या दोन्ही हातांत शेडमधल्या बादल्या होत्या, एकात एक घातलेल्या. त्यानं त्या खाली ठेवल्या आणि कोट काढायला लागला. दुदू त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, टँकरवर तुम्हीच होतात ना?"

सिथोलेनं शर्टाच्या बाह्या वर केल्या. "मी नसतो तर दुसरा कोणी असता."

"दुसरा कुणी नव्हता. तुम्ही होतात."

"माझंही घर त्याच्याच जमिनीवर आहे, पोरी," तो म्हणाला. "माझी माणसं कुठं पुरलीत, तुला माहीत आहे." आणि त्यानं एक बादली उचलली.

कुणीतरी त्याला हाकलून द्यायला पुढं झालं. माझोंडीनं हात आडवा केला. "उपसू दे त्याला," ती म्हणाली.

मग आम्ही उपसलं. रांग लावली, बादली खालून वर, वरनं उताराकडं. पहिल्या बादल्यांना सगळे तोंड फिरवून होते. मग तेही राहिलं नाही. पाणी हातांवरनं कोपरांत, कोपरांतनं काखेत जायचं. थंडीनं बोटं वळत नव्हती. दुदू खड्ड्यात उतरली, गुडघाभर घाणीत. तिला काम माहीत होतं. ती बादली बुडवायची नाही, आडवी सरकवायची, म्हणजे कमी उडतं. ते पिल्लू तिनंच पायाला धरून वर दिलं. पांढऱ्या झग्यातल्या बायका वर गाणं म्हणत होत्या, आणि मध्येच एखादी गाणं सोडून बाजूला जाऊन ओकायची, परत येऊन गाण्यात मिसळायची. सिथोले आमच्यातल्या कुणाहीपेक्षा जास्त उपसत होता. त्याच्या नाकातनं पाणी वाहत होतं. तो रडत होता की थंडीनं, मला माहीत नाही, आणि तेव्हा मला त्याच्या दोन्हींची सारखीच किळस होती.

पाणी संपलं, मग चिखल. चिखल फावड्यानं काढला. बाजूच्या भिंती खरवडल्या. दुदू वर आली आणि मी आत उतरलो. तळाला टिकाव घालून मूठभर माती उकरली आणि वर केली. माझोंडी कडेला गुडघे टेकून बसली होती. तिनं ती माती घेतली, नाकाशी नेली आणि टाकून दिली.

"अजून," ती म्हणाली.

आणखी खणलं. पुन्हा मूठ वर दिली. तिनं हुंगली. "अजून."

ऊन वर आलं. वारं वाढलं. माझ्या डोक्यावर खड्ड्याची कड गेली. मला वरचं आभाळ दिसत होतं आणि तिचा हात, आत आलेला, तळवा उघडा. मी माती ठेवायचो, हात वर जायचा. सार्जंटनं एकदा घड्याळ बघून काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला, चर्चच्या बाबांनी त्याच्याकडं नुसतं बघितलं. मला त्या मातीत आता वास येत नव्हता. पण माझ्या नाकाचं कुणी काय धरावं, मी सकाळपासनं त्यातच होतो. तिला येत होता. "अजून," ती म्हणायची, न चिडता, मीठ कमी आहे असं सांगावं तशी.

शेवटी तिनं एक मूठ घेतली आणि बराच वेळ नाकाशी धरली. मग ती माती तिनं झग्याच्या टोकात बांधली आणि मान हलवली.

मला दोरानं वर काढावं लागलं. कबर एवढी खोल झाली होती की पेटी सोडायला दोर पुरेनात, दोरांना बैलांच्या जोताचे पट्टे बांधले. पेटी टेकल्याचा आवाज फार उशिरा आला. चर्चच्या बाबांनी थोडकंच सांगितलं, माणूस मातीचा आहे आणि मातीत गेला, मातीची चौकशी देव करील. दुदूनं पहिली ओंजळ टाकली. आम्ही खड्डा भरला, वर दगड रचले. उरलेल्या राशींवरची घाण बायकांनी गवतानं पुसून काढली, जेवढी निघाली तेवढी.

खाली अंगणात माणसं जेवायला बसली तेव्हा मालकाची गाडी आली. चालवत सिथोलेच होता, आता धुतलेले कपडे घालून. मागं ताडपत्रीखाली कापून साफ केलेलं आख्खं डुक्कर होतं. जुने मालक मातीला बैल नाहीतर बकरी द्यायचे. स्टायनकडं डुकरं होती. तो खाली उतरला आणि माझोंडीला म्हणाला, "मालकानं पाठवलंय. पाहुण्यांसाठी."

अंगणात उकडलेला मका, कोबी आणि एका बकरीचा रस्सा होता, माणसं दीडशे. मुलं गाडीजवळ गोळा झाली. मोठी माणसं ताटलीत बघत राहिली.

"कधी कापलं?" माझोंडीनं विचारलं.

"सकाळी."

म्हणजे आम्ही उपसत होतो तेव्हा. माझोंडीनं ताडपत्री नीट ओढून घेतली, मांसावर धूळ बसू नये तशी. "एल्फस," ती म्हणाली, "तू फिनियसबरोबर किती वर्षं जेवलास?"

सिथोले ताडपत्रीची दोरी उगाच पुन्हा आवळायला लागला.

"परत ने."

"मा, मी त्याला काय सांगू?"

"फिनियसबरोबर किती वर्षं जेवलास, तेच सांग. त्याला काय सांगायचं ते आम्हाला विचारून ठरवू नकोस." ती वळली आणि पाहुण्यांना वाढायला लागली. गाडी अंगणात बराच वेळ उभी होती. मग गेली.

सोमवारी मिस गोवेंदर बाई कोर्टात गेल्या, आणि दुदू कामावर. तिला पुन्हा धुण्याच्या शेडला घातलं होतं. सकाळ अर्धी झाली असेल, स्टायन स्वतः तिथं आला. तो सहसा आत येत नसे. ती शेवटच्या रांगेत पाणी मारत होती. तो तिच्यासमोर नालीच्या अलीकडं येऊन उभा राहिला. नळीच्या आवाजात त्याचं ऐकू येत नव्हतं, म्हणून त्यानं हातानं खूण केली. तिनं पाणी बंद केलं.

तो रागावलेला नव्हता. दुखावलेला होता, खरोखरीचा. त्यानं वडलांबद्दल वाईट वाटल्याचं पुन्हा सांगितलं. मग म्हणाला, कोर्टानं जे सांगितलं ते सगळं मी केलं. कुणाला अडवलं नाही. आणि डुक्कर कोर्टानं सांगितलं नव्हतं, ते मी माझ्या मनानं पाठवलं. तुमच्या घरात एवढं मनाला लावून घेणारी माणसं असतील असं मला वाटलं नव्हतं. मी वाईट माणूस नाही, हे तुझ्या वडलांना माहीत होतं. असं बोलून तो थांबला आणि त्यानं हात पुढं केला.

दुदूनं त्याच्या हाताकडं बघितलं. स्वच्छ हात होता, नखं कापलेली. बाकीच्या खणांतल्या बायका झाडू हातात धरून उभ्या होत्या. तिनं नळीवरची मूठ सोडली नाही.

"बाजूला व्हा," ती म्हणाली. "तुम्ही उभे आहात तिथलं धुवायचं राहिलंय."

तो आधी समजला नाही. मग त्यानं आपल्या बुटांकडं बघितलं, आणि एक पाऊल मागं सरला, मग दुसरं. दुदूनं पाणी सुरू केलं.